मेंढीचं चीज आणि दुसरी पुडी

आमच्या राजुरीत दुधातलं काही विचारायचं असेल तर लोक माझ्याकडे येतात. यात माझं कर्तृत्व एवढंच, की मी वर्षानुवर्षं डेअरीत दूध घ्यायला बसतो. मशीनची नळी दुधात बुडवायची, आकडा वाचायचा आणि समोरच्याच्या तोंडाकडे न बघता तो सांगून टाकायचा. आकडा मशीन काढतं, शिव्या मी खातो. पण माणूस रोज दुधाशेजारी बसला की त्याला दूध कळतं, असं लोकांना उगीच वाटतं. तसं असतं तर देवळाच्या पायरीवर झोपणाऱ्या कुत्र्याला आरती पाठ असती.

आमच्या घरात दूध खरं कळायला लागलं ते बायकोला, तेही पन्नाशी जवळ आल्यावर. दोन्ही पोरं पुण्याला नोकरीला लागली आणि तिला दुपारी वेळ उरायला लागला. पेपरातली जाहिरात बघून तिनं पनीर-चीज शिकवणाऱ्या एका वर्गाला नाव घातलं. मी म्हटलं, जाऊ दे, कंटाळेल आणि परत येईल. ती परत आली, पण कंटाळून नाही. येताना जाड बुडाचं भलंमोठं पातेलं घेऊन आली आणि चहा प्यायच्या आधी ते कुठं ठेवायचं ते बघत घरभर फिरली. शिकवणाऱ्या मॅडमनी तिला सांगितलं होतं, की गाईच्या दुधाचं चीज कोणीही करतं, तुमच्या भागात मेंढ्या बसतात ना, त्यांच्या दुधाचं करून बघा. पुण्यातला एक दुकानदार असलं चीज शोधतोय. चांगलं झालं तर तो नेईल.

इथं घरातली व्यवस्था सांगायला हवी. आम्ही आणि माझे थोरले भाऊ, म्हणजे दादा, अजून एकत्र आहोत. शेत दादांच्या हातात. स्वयंपाकघर वहिनींच्या हातात. माझ्या बायकोच्या हातात आजवर जे होतं ते म्हणजे मी, आणि त्याला मालमत्ता म्हणता येत नाही. त्यामुळे हे चीज तिच्या दृष्टीनं केवढं होतं ते मला कळत होतं. तिनं विहिरीजवळची इंजिनाची जुनी खोली मागून घेतली. दगडी भिंती, खिडकी नाही, उन्हाळ्यातही आत गेलं की अंगावर गारवा येतो. दादांना तिथं ठिबकच्या नळ्या ठेवायच्या होत्या. त्यांनी शिमग्यापर्यंत खोली दिली. शिमग्याला दुकानदारानं माल उचलला तर खोली तिची, नाहीतर नळ्यांची, असं जेवताना ठरलं.

मॅडमनी बर्फात घालून दोन पुड्या पाठवल्या. त्यांना कल्चर म्हणायचं. ते कळल्यावर दादा ताटावरनं म्हणाले, "आपल्या घरात कल्चर न्हाई म्हणून पुण्यावरनं पाकिटातनं मागवलं व्हय?" यावर मीही हसलो. आमच्याकडे दादांच्या विनोदाला हसायची पद्धत आहे, ती मोडायला कोणी पुढं झालेलं नाही.

दिवाळीनंतर दरवर्षी पारनेरकडून धनगरांचा एक वाडा येतो. वाडा म्हणजे घर नव्हे, चालतं बिऱ्हाड: मेंढ्या, घोडी, कुत्री, खुराड्यातल्या कोंबड्या, आणि त्यांच्यामागं चालणारी माणसं. रिकाम्या वावरात रात्री मेंढ्या बसवायच्या, सकाळी वावराला खत मिळालेलं असतं. बदल्यात आम्ही बाजरी द्यायची. हा करार बेल्ह्याच्या बाजारात उभ्या उभ्या तोंडी होतो आणि आमच्या वडिलांपासून याच वाड्याशी होत आला होता. बिबट्याच्या भीतीनं ती माणसं वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवतीचं जाळं, दुहेरी लावतात आणि आळीपाळीनं जागतात.

वाड्यातली बाई बायकोच्याच वयाची. दूध विकत घ्यायचं आहे म्हटल्यावर ती पदर तोंडाला लावून हसली. मेंढीचं दूध विकायचं नसतं, ते कोकराचं असतं, फारतर आपल्या चहाचं. बायको रोज जाऊन बसायला लागली, कधी मेथीची जुडी, कधी गूळ-शेंगदाणे घेऊन. शेवटी ज्यांची कोकरं बाजारात गेली त्या मेंढ्यांचं दूध द्यायला बाई तयार झाली, पण विकत नाही. "तुमी मागा वयनी, मी देते," ती म्हणाली. एक मेंढी दूध देते किती, कपभर. तेवढ्यासाठी बाई वाघरीत वाकून वाकून किटली भरायची आणि सकाळी स्वतः आमच्या ओट्यावर आणून ठेवायची.

दोन पुड्यांचं काम वेगळं होतं. बायकोनं मला ते समजावलं तेव्हा मी मान डोलावली. कळलं नंतर, कळून उपयोग नव्हता तेव्हा. पहिली पुडी दूध आंबवते. तिचे जिवाणू घाईचे, घातले की कामाला लागतात. दुसरी पुडी मुरवते. तिचे जिवाणू चीजची गोल चकती करताना जवळपास बसूनच असतात. चकती फळीवर गेली, पहिल्यांचा जोर ओसरला, की मग हे हळूहळू उठतात आणि महिनोन् महिने काम करतात. लोणचं घातल्या दिवशी आंबट असतं, खरं लोणचं होतं ते मुरल्यावर, तसंच.

पहिल्या दोन चकत्या तिनं दोन्ही पुड्या घालून केल्या. त्या मुरायला ठेवायच्या होत्या. पण घरात काही नवं झालं की पाव्हण्यांना दाखवल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. दाखवलं की चाखायला द्यावं लागतं, आणि आमच्याकडे चाखायला हात लावला की ताट पुसूनच हात निघतो. त्या दोन्ही चकत्या कोवळ्याच संपल्या. जुनं ताक घातलेल्या पनीरसारख्या लागल्या. सगळे छान म्हणाले.

मग वहिनी बोलल्या. त्यात वाकडं काही नव्हतं, उलट जिव्हाळाच होता. त्या म्हणाल्या, दर वेळी पुडी कशाला फोडतेस? कालच्या आंबलेल्या दुधातलं वाटीभर राखून ठेव आणि आजच्याला लाव. आमच्या घरचं विरजण आईच्या हातचं. ते कधी तुटलं नाही, आणि दुसऱ्याच्या दारात विरजण मागायला जाणं ही आमच्या घरात जवळजवळ बेअब्रू समजतात. नव्या सुनेला पहिली शिकवण हीच, की विरजण राखायचं. बायको तीस वर्षं तेच करत आली होती. पुडी संपली की मॅडमना फोन करायचा, बर्फातल्या पार्सलची वाट बघायची, हे तिलाही हातातलं विरजण संपवणाऱ्या गबाळ्या बाईसारखं वाटत असणार. तिनं वाटी राखायला सुरुवात केली.

आणि काही बिघडलं नाही, हीच तर गंमत. दूध वेळेवर आंबायचं. घट्ट व्हायचं. सुरीनं कापलं की कडा स्वच्छ निघायच्या. आदल्या चकतीची वाटी पुढच्या दुधाला, तिची त्याच्या पुढच्याला. बायको मॅडमना काही बोलली नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. श्वास घेतो म्हणून कोणी फोन करतं का? चकत्या फळ्यांवर चढत गेल्या. ती रोज त्यांना मिठाच्या पाण्यानं पुसायची, उलट्या करायची, भिंतीवरची ओली पोती बदलायची. डेअरीवरनं आलो की मी खोलीत डोकावायचो आणि जाणकारासारखा वास घ्यायचो. वास उत्तम होता. माझ्या नाकाबद्दल याहून जास्त काय सांगू.

शिमग्याच्या आधी दुकानदार गाडी घेऊन आला. वहिनींनी मुद्दाम पुरणपोळी केली होती. बायकोनं सगळ्यात जुनी चकती आणली, कापली, फोडी ताटलीत लावल्या. पिवळसर, अंगाला तुकतुकीत. दुकानदारानं फोड तोंडात टाकली, चावली, आणि मग त्याचं चावणं मंद होत गेलं. भला माणूस होता. तो म्हणाला, "जरा तीव्र आहे." दादांनी फोड घेतली आणि ती हातात परत काढली. "कारल्याचं केलंय काय?" मी अख्खी फोड गिळली आणि म्हटलं की औषधी लागतंय, पोटाला चांगलं असेल. बायकोनं शेवटी खाल्लं. ती उठली, दुसरी चकती कापली, तिसरी कापली. सुरुवातीला जिभेवर खारट, मग जिभेच्या मुळाशी काढा प्यायल्यासारखा कडूपणा, आणि तो पाणी प्यायलं तरी जायचा नाही. सगळ्या तशाच. दुकानदार पुरणपोळी खाऊन गेला.

संध्याकाळी दादांनी निकाल दिला. त्या आठवड्यात वाड्याच्या माणसांनी आमच्या बांधावरचा कडुनिंब छाटून मेंढ्यांना घातला होता. "दिवसभर लिंब वरपत्यात. दूध कडू न्हाई तर काय श्रीखंड व्हईल?"

बायको म्हणाली, "लिंब या आठवड्यात तोडला. चकत्या तीन-चार महिन्यांच्या आहेत. आणि दूध कडू असतं तर आपला चहा कडू झाला असता."

"चहात साखर असती," दादा म्हणाले.

वहिनी हसल्या. मीही हसलो, सवयीनं. ते हसणं घरातच राहिलं असतं तर मी हे लिहीत बसलो नसतो. पण दादांना आपला विनोद आवडला. बेल्ह्याच्या बाजारात चहाच्या टपरीवर त्यांनी तो सांगितला, भावजयीचं चीज, पुण्याचा शेठ, त्याचं तोंड, सगळं अभिनयासकट. टपरीवर एक व्यापारी होता. तो आमच्याच वाड्यातल्या धनगराची, म्हणजे त्या बाईच्या नवऱ्याची, कोकरं बघून, भाव पाडायच्या बेतात चहाला आलेला. त्याला आयतं सापडलं. जाऊन म्हणाला, तुझ्या मेंढ्यांचं दूधच कडू, त्यांच्या मटणाचं काय सांगावं. दुपारपर्यंत बाजारभर झालं. धनगर कोकरं टेम्पोत न चढवता परत हाकून घेऊन आला.

दुसऱ्या सकाळी बाई नेहमीसारखी किटली घेऊन आली. ओट्यावर ठेवली. पण गेली नाही.

"वयनी, तुमी रोज दूध घेत व्हता. एकदा तरी कडू लागलं?"

"नाही," बायको म्हणाली.

"मग तुमच्या मोठ्या भाऊंनी बाजारात असं का सांगितलं?"

दादा दात घासत बाहेर आले. म्हणाले, अगं गंमत केली, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. बाईनं त्यांच्याकडे बघितलं नाही, बायकोकडेच बघत बोलली. "आमची गंमत करायला बाजारच घावला? आमी घरात बी ऐकून घेतली असती."

मी मधे पडलो. म्हणजे चहा घेणार का, असं तिला विचारलं. अंगणात शिरलेल्या भटक्या वासराकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेली. दुपारपर्यंत वाघरी गुंडाळल्या, घोड्यांवर सामान चढलं, आणि वाडा येडगावच्या धरणाकडे निघाला. आमच्या वावरात अजून बऱ्याच रात्री मेंढ्या बसायच्या होत्या.

बायकोनं त्याच दिवशी मॅडमना फोन लावला. मी शेजारी होतो. पलीकडून प्रश्न आला, की दर वेळी दोन्ही पुड्या घातल्या ना?  मग तिनं वाटीचं सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. समजावून सांगितलं, ते बायकोनं नंतर मला जसंच्या तसं सांगितलं.

दुधातल्या प्रथिनांचे मुरताना तुकडे पडतात. पहिले घाईचे जिवाणू मोठे तुकडे पाडतात, आणि त्यातले काही कडू असतात. दुसऱ्या पुडीचे सावकाश जिवाणू ते कडू तुकडे आणखी बारीक करून मोडून टाकतात; त्यातूनच खमंग चव येते. वाटी राखली की काय होतं? दूध आंबायच्या थोड्या वेळात घाईचे जिवाणू भराभर वाढतात, सावकाश असतात ते मागं पडतात. पुढच्या वाटीत त्यांची संख्या आणखी कमी. पहिल्याच वाटीत ते पुरेसे उरत नाहीत, चार-पाच वाट्यांत तर नावालाही नाहीत. दही रोज लावून रोज खायचं असतं, म्हणून दह्याला हा हिशेब कधी द्यावा लागत नाही. चीज मुरवायचं असतं. आंबण्यात काही कमी दिसत नाही, म्हणून कळतही नाही. कळतं ते महिन्यांनी, जिभेवर.

"म्हणजे दुधात काही नव्हतं," मी म्हणालो.

"तेच तर सांगतेय," बायको म्हणाली. आणि ओट्यावरची किटली उचलून आत गेली.

त्या शेवटच्या दुधाच्या तिनं दोन लहान चकत्या केल्या. एक राखलेल्या वाटीची, एक फ्रीजमध्ये उरलेल्या दोन्ही पुड्या घालून. ओळख पटावी म्हणून एकीला दोरा बांधला. खोलीची मुदत संपली होती, पण दादा नळ्यांचं बोलले नाहीत. कदाचित त्यांनाही थोडं चुकल्यासारखं वाटत असावं, किंवा नळ्या आल्या नसाव्यात. कडू चकत्या तिनं शेणखताच्या खड्ड्यात टाकल्या. कुत्र्यांनी उकरल्या आणि त्यांनीही सोडून दिल्या.

भादव्यात तिनं दोन्ही कापल्या. कोणाला बोलावलं नाही, फक्त मला. वाटीची आधी खाल्ली. कडू, अगदी पहिल्यासारखी. मग दोऱ्याची. भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, तूप कढवल्यावर तळाशी राहणाऱ्या बेरीसारखा खमंगपणा, आणि सगळ्यात शेवटी किंचित गोड. कडू कुठंही नाही. मी दुसरी फोड घेतली, तिसरी घेतली. मला वाटलं ती हसेल. ती फळीवर बसली आणि म्हणाली, "दूध चांगलं होतं." दुकानदाराला मी फोन केला, फोटो पाठवला. तो म्हणाला, असं असेल ते सगळं पाठवा. सगळं म्हणजे एक अर्धवट खाल्लेली चकती होती.

दिवाळीनंतर वाडा आला, पण आमच्या वावरात नाही. कालव्यापलीकडे दुसऱ्याच्या वावरात मेंढ्या बसल्या. आमच्या घरातून दिसत होत्या. बायको फोडी घेऊन गेली, मी मागोमाग गेलो. बाईनं बसायला घोंगडी टाकली. फोड खाल्ली, सावकाश.

"लोण्यावाणी झालंय," ती म्हणाली.

"हे तुमच्या शेवटच्या किटलीचं. चूक माझ्या हातची होती. दुधाची नव्हती."

"मला म्हाईतच व्हतं की."

बायकोनं मग विचारलं, या वर्षी दूध मागितलं तर द्याल का. बाईनं नवऱ्याकडे बघितलं. तो मेंढीच्या खुरातला काटा काढत बसला होता, वर न बघता बोलला. "वयनी, तुमचं आमचं कायबी वाकडं न्हाई. पण बेल्ह्यात मला अजून कडू दूधवाला म्हणत्यात. भाऊ तिथं बोलले, तिथंच एकदा म्हणू द्या की दूध कडू नव्हतं. मग किटली न्या."

मी लगेच म्हटलं, मी जातो बाजारात, मी सांगतो सगळ्यांना.

तेव्हा त्यानं मान वर केली. "पावणं, तवा तुमी कुठं काय बोलला व्हता? तुमचं काय फेडायचं ऱ्हायलंय?"

त्याच रात्री जेवताना बायकोनं विषय काढला. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं दादांना समोरासमोर काही मागितलेलं मला आठवत नाही. ताटात बाजरीची भाकरी होती आणि कडेला त्याच चकतीच्या उरलेल्या फोडी. दादांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "धनगराची माफी मागायला मी बाजारात जाऊ?"

"माफी नको. दूध कडू नव्हतं, एवढंच म्हणा."

"म्हंजे मी खोटं बोललो, असंच ना ते."

 वहिनी म्हणाल्या, गाईचं घे की, घरात कॅन भरून दूध जातंय डेअरीला. दादांनी एक फोड भाकरीवर ठेवून खाल्ली, आणखी एक घेतली. त्यांना आवडली. "बघ," ते म्हणाले, "पाला बदलला की दूध सुधारतं. मी म्हणतच व्हतो."

"भाऊजी, हे त्याच दिवसांतलं दूध आहे. लिंब तोडला त्याच दिवसांतलं."

"असंल," दादा म्हणाले, आणि चटणी मागितली.

मी काय केलं, हे कोणी विचारेल. मी चटणीचा डबा त्यांच्याकडे सरकवला.

सकाळी बायको उरलेली चकती फडक्यात बांधून एकटीच कालव्यापलीकडे गेली आणि रिकाम्या हातानं आली. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. पुढल्या आठवड्यात दुकानदाराचा फोन आला, तो मी उचलला. त्याला सांगितलं, मेंढीचं चीज आता होणार नाही. तो हळहळला. म्हणाला, का हो, दूध परत कडू निघालं का?

"नाही," मी म्हटलं. "दूध कडू नव्हतंच कधी."

अख्ख्या तालुक्यात हे वाक्य मी आजवर एकट्या त्यालाच सांगितलंय, आणि तो कधी बेल्ह्याला गेलेला नाही.